यहूदा इस्कर्योत : गुरुद्रोही की धरून देणारा?

ना. वा. टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास आले व तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ख्रिस्तचरित्र असे भक्तिपरंपरेच्या वळणाने मराठीत आले, की येशू सद्गुरू व बारा जण शिष्य ठरतात. त्याच साताऱ्याजवळील सज्जनगडाची परंपरा शिष्याची कसोटी जाणते : ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात गुरुवचनावरील विश्वास हेच शिष्याचे मुख्य लक्षण मानले आहे. या कसोटीवर यहूदा सरळच गुरुद्रोही ठरतो.

मूळ ग्रंथ मात्र इतका त्वरित निवाडा करीत नाहीत. मार्क त्याचा हेतू सांगत नाही. मत्तय ३० रुप्याच्या नाण्यांचा सौदा नोंदवतो. लूक सैतानाचा प्रवेश सांगतो. योहान त्याला थैली सांभाळणारा चोर म्हणतो. मत्तयाच्या मते पस्तावून, नाणी परत करून त्याने गळफास घेतला. ‘प्रेषितांची कृत्ये’ वेगळाच अंत सांगते.

ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘स्वाधीन करणे’ असा आहे. देवाने आपल्या पुत्राला सर्वांसाठी दिले, असे सांगताना पौलही तेच क्रियापद योजतो. मराठी बायबलातील ‘धरून देणे’ हा प्रयोग कृती सांगतो. ‘विश्वासघात’ हा शब्द निकाल देतो. नाकारणारा पेत्र परतला, यहूदा परतला नाही. त्याची शोकांतिका द्रोहापेक्षा या न परतण्यात अधिक आहे, आणि ‘गुरुद्रोही’ या एका शब्दाने नेमकी तीच झाकली जाते.