पंपाला हात लावण्याआधी

चि. सोन्या,


काल रात्री फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून आज सवडीने लिहितोय. तुझ्या गॅरेजमध्ये एक गाडी पिकअपला झटके मारते म्हणून तीनदा आली. तू आधी एअर फिल्टर बदललास, मग ऑक्सिजन सेन्सर, आणि आता पेट्रोल पंप उतरवायचा म्हणत होतास. मी विचारलं तेव्हा तू गाडीच्या मालकाला फोन लावलास आणि कळलं की झटके फक्त सीएनजीवर येतात, तेही कात्रजचा चढ लागला की. पेट्रोलवर टाकली की गाडी मऊ चालते.

अरे, सीएनजी पेट्रोल पंपातून जातच नाही! मग त्या पंपाचा दोष कसा असेल?

म्हणून पहिलं सांगणं हे, की बॉनेट उघडण्याआधी मालकाला शेजारी बसव आणि एक फेरी मार. झटका थंड इंजिनाला येतो की तापल्यावर, सपाटीला की चढाला, एसी लावल्यावर वाढतो का, हे विचार. त्याला यंत्रातलं कळत नसेल, पण रोज त्याच सीटवर बसणारा माणूस आहे तो. आणि झटका म्हणजे नेमकं काय, तेही तुझ्या अंगाला कळू दे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर ती क्लच प्लेट. इंजिनच अडखळत असेल, तर ते मिसिंग.

तुझ्याकडची गाडी मिसिंगची आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि त्या दाबातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. प्लग झिजून गॅप वाढला असेल किंवा कॉईल थकली असेल, तर सपाटीला पेट्रोलवर ते झाकून जातं आणि चढाला सीएनजीवर उघडं पडतं. गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटरही बघावे लागतील, पण प्लग-कॉईलनंतर.

प्लग काढलास की खोक्यात टाकू नकोस. उन्हात धर आणि बघ. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर जळण ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त, पांढरंफटक म्हणजे कमी, ओलं तेलकट म्हणजे आत ऑईल जातंय. मग वरचा पांढरा चिनी मातीचा भाग बोटाने पुसून फिरव. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाला न उडता बाहेरूनच बॉडीला जात होती. ती रेघ पुसून जात नाही, प्लग बदलावाच लागतो, आणि कॉईलचं रबरी बूटही आतून तपास. प्लगच्या खड्ड्यात ऑईल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आधी बदल, नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल.

ही रेघ मी एकदा पाहिली नव्हती. २००९ साली एका भाजीवाल्याच्या गाडीला अंदाजाने पंप बसवला. तिसऱ्या दिवशी खंबाटकीत गाडी पुन्हा अडखळली, मंडईची वेळ चुकली, माल सुकला. दोष निघाला एका प्लगचा. पंपाचे पैसे मी त्याला परत दिले, पण त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

स्कॅनर लाव, जरूर लाव. पण कोड बोट दाखवतो, पार्ट बदलायला सांगत नाही. पी ०३०२ आला तर दोन नंबरचं सिलिंडर मिस मारतंय, एवढंच कळलं. मग दोनची कॉईल तीनला लाव, कोड पुसून टाक आणि त्याच चढावर गाडी ने. कोड पी ०३०३ झाला तर कॉईल गेलीय. दोनवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल कर. एका वेळी एकच गोष्ट हलव. तरीही दोनवरच राहिला तर इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन.

पी ०१७१ दिसला की मुलं ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो बिचारा हवेच्या मानाने इंधन कमी आहे एवढंच कळवत असतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधन किती वाढवून दिलं जातंय तो स्कॅनरवरचा आकडा, आयडलला जास्त आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर कुठेतरी रबरी नळी चिरलीय, आणि मॅनिफोल्डपाशी कान दिलास तर बहुतेक सूं सूं ऐकू येईल. उलट लोड आल्यावर ट्रिम चढत असेल, तेव्हा पंप आणि पेट्रोल फिल्टरकडे वळ.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका असं मालकाला बजावून सांग. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्याच कारणाने चालू इंजिनाच्या प्लगची वायर उपसून ठिणगी बघायची आमची जुनी पद्धत या गाड्यांवर वापरू नकोस. हाताला झटका बसेल तो वेगळाच.

मालकाला आजच फोन कर. सेन्सरची गरज नव्हती हे स्वतःहून सांग, त्याचे पैसे वळते कर आणि जुना सेन्सर त्याच्या हातात दे. गॅरेजचे शेठ नाही म्हणाले तर मी बोलतो त्यांच्याशी.

कॉईलची अदलाबदल करून गाडी चढावर नेलीस की कोड काय आला ते रविवारी कळव. प्लग जपून ठेव, मी येईन तेव्हा दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा