रागाच्या आधी काय झालं?

आई-बाबांनो, ‘लष्करात गेला की सुतासारखा सरळ होईल’ असं म्हणून मुलाला भरतीला पाठवणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. अग्निवीर व्हायला साडेसतरा वर्षं वय पुरतं. त्या वयाचं पोर बराकीत जातं तेव्हा घरात ऐकलेलं सगळं सोबत घेऊन जातं.

उस्तादाचा (प्रशिक्षकाचा) चढा आवाज आणि रगडा (दमवून टाकणारी शिक्षा) प्रशिक्षणात असायचाच. सगळ्या पलटणीला मिळालेला रगडा मुलं झेलतात, रात्री त्याचे किस्सेही रंगवतात. मात्र एकालाच हेरून रोज त्याची लायकी काढली, तर ते मनात मुरत राहतं. जून २०१४ मध्ये दक्षिण कोरियाच्या सीमेवरील एका चौकीत सक्तीच्या सेवेतल्या जवानाने स्वतःच्याच पाच सहकाऱ्यांना ठार केलं. चौकीत त्याची खिल्ली उडवणारी चित्रं काढली जात होती, हे मागाहून बाहेर आलं. त्यामुळे त्याचा गुन्हा माफ होत नाही. लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंडच सुनावला. पण आईबापांनी यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९९९ च्या ‘प्रिझनर्स ऑफ हेट’ या पुस्तकात रागाची उकल केली. अपमान झाला की लगेच राग येतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मध्ये एक विचार चमकून जातो, ‘हे मला कस्पटासमान समजतात’, आणि माणूस दुखावतो. हे इतकं झटकन घडतं की त्याला स्वतःला फक्त राग जाणवतो. मग कुणी सहज हसलं तरी तो हसण्यात डिवचणं शोधतो.

आता आठवून बघा, तो विचार तुमच्या मुलाच्या मनात पहिल्यांदा कुणी घातला? ‘तुझ्याच्यानं काही होणार नाही’, ‘बापाचं नाव बुडवलंस’ ही वाक्यं अनेक घरांत जेवतानाच बोलली जातात. बराकीतला टोमणा मग नेमका त्याच जागी लागतो.

म्हणून चूक दाखवा, पण लायकी काढू नका. फोनवर तो चिडून बोलला तर ‘सहन कर, मर्दासारखा राहा’ म्हणून विषय मिटवू नका. ‘नेमकं काय बोलले? तुला काय वाटलं?’ असं विचारा आणि उत्तर पुरं होऊ द्या. जिवाचं बरंवाईट करण्याची किंवा कुणाला संपवण्याची भाषा आली, तर युनिटच्या अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्याजवळ असू द्या. लष्करी कुटुंबांसाठी या हेल्पलाइनचा खास कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला आहे. तिथे फोन केल्याने शौर्य उणावत नाही, हे त्याला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे.