नौका निघण्यापूर्वी

मुंबईहून गुजरातकडे जाणारी आगगाडी पालघर आणि बोईसर मागे टाकून डहाणूला पोहोचते, तेव्हा महाराष्ट्राची हद्द संपत आलेली असते. येथून उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही गावे समुद्राच्या काठाने वसलेली आहेत, आणि शेवटी तलासरी तालुक्यातील झाई हे मच्छीमारांचे गाव लागते. सुरूची बने, ताडांची झाडे, चिकूच्या वाड्या आणि त्यांच्या पलीकडे पसरलेली सपाट पुळण असे या किनाऱ्याचे रूप आहे. ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर जाते की, सकाळी जेथे लाटा येत होत्या तेथे दुपारी मुले चेंडू खेळतात. सुटीच्या दिवशी शहरांतून माणसे येथे येतात. नुसते वाळूत बसून त्यांचे मन भरत नाही. पाण्यावर जाऊन यावे असे त्यांना वाटते. यात वावगे काही नाही. समुद्र पाहून ज्याला नौकेत बसावेसे वाटले नाही, असा मनुष्य विरळाच.

शनिवार, १३ जानेवारी २०१८ या दिवशी डहाणूच्या किनाऱ्यावरून सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन अशीच एक नौका सहलीसाठी निघाली. मुले सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे तुमच्या ताईच्या किंवा दादाच्या वयाची होती. जानेवारी महिना हा समुद्र शांत असण्याचा काळ. वादळ नव्हते, पाऊस नव्हता, किनाराही फार दूर राहिला नव्हता. बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. छायाचित्रे काढण्यासाठी मुले एका बाजूस जमली, नौका त्या बाजूला कलली आणि पाहता पाहता उलटली, असे त्या वेळच्या वृत्तांवरून समजते. आसपासच्या मच्छीमारांनी आपल्या नौका तातडीने तिकडे वळविल्या. तटरक्षक दलही शोधास लागले. बहुसंख्य मुले वाचली. तीन मुली मात्र घरी परतल्या नाहीत.

समुद्र शांत असताना नौका उलटते, हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. लाट आली नाही, खडक लागला नाही, मग झाले तरी काय? याचे उत्तर तुम्हांला घरी, पाण्याने भरलेल्या घमेल्यात मिळू शकेल. नारळाची एक करवंटी घ्या. तिच्या तळाशी पाच-सहा खडे ठेवा आणि ती अलगद पाण्यावर सोडा. करवंटी डोलेल, पण तरंगत राहील. बोटाने तिची कड किंचित दाबून सोडलीत, तर ती पुन्हा सरळ होईल. आता तेच खडे काढून करवंटीच्या तोंडावर पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवा आणि खडे त्या पुठ्ठ्यावर मांडा. खडे तेच आहेत, वजन तेच आहे, पाणीही तेच. तरीसुद्धा एक खडा कडेला सरकला की सारा डोलारा पाण्यात जातो.

याचे कारण असे. नौका एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात बुडतो. पाणी तो भाग वर लोटते आणि नौकेला सरळ करू पाहते. वजन तळाशी असेल, तर पाण्याचे हे काम सोपे होते. वजन उंचावर असेल आणि तेही कललेल्या बाजूकडेच सरकत असेल, तर पाण्याचा जोर अपुरा पडतो. मासेमारीच्या नौकेचे वजन बर्फ आणि मासळी यांच्या रूपाने खाली, तिच्या पोटात असते. सहलीच्या नौकेचे वजन म्हणजे माणसे! ती वर असतात, उभी राहतात, हसतात, हात हलवितात आणि काही दिसले की धावतात. एकेका मुलाचे वजन पंचेचाळीस किलो धरले, तर वीस मुले एका बाजूकडून दुसरीकडे गेल्याने ९०० किलो भार सरकतो. पन्नास किलोची तांदळाची अठरा पोती कोणी एकाच क्षणी नौकेच्या कडेला नेऊन टाकली, असे समजा. कोणताही तांडेल पोती अशी ठेवू देणार नाही. परंतु पोती सांगितलेले ऐकतात आणि माणसे ऐकत नाहीत, हीच तर खरी अडचण आहे.

ही गोष्ट डहाणूलाच प्रथम घडली असे नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. ते दिवस पावसाळ्याचे होते आणि दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या असल्याने गावी जाणाऱ्यांची गर्दी मोठी होती. काशाच्या खडकाजवळ बोट लाटांच्या माऱ्याने एका अंगाला कलली. घाबरलेले प्रवासी जिवाच्या आकांताने दुसऱ्या बाजूस धावले. आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले म्हणून काही जण वाचले. कोकणातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण आजी-आजोबा आजही सांगतात. ‘रामदास’वरील लोक भीतीने धावले आणि डहाणूची मुले आनंदाच्या भरात सरकली. मन वेगळे होते. पाण्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

मग किती माणसे घ्यावीत आणि ती कोठे बसवावीत, हे ठरवावे कोणी? मालकाने ठरवावे, असे जगात फार दिवस चालत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही लोभी मालक जुनाट जहाजांत बेसुमार माल भरून ती समुद्रात पाठवीत. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विम्याचे पैसे मिळत. खलाशी अशा जहाजांना शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिमसोल हा कोळशाचा व्यापारी तेथील संसदेचा सभासद होता. त्याने या प्रकाराविरुद्ध पुस्तक लिहिले, सभा घेतल्या आणि १८७५ साली तर भर संसदेत संतापाने मूठ उगारून त्याने गोंधळ उडवून दिला. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढलीच पाहिजे, असा कायदा झाला. माल भरताना ही रेषा पाण्याखाली गेली, तर भार अधिक झाला असे समजावे. गंमत अशी की, रेषा कोठे काढावी हे त्या कायद्याने मालकावरच सोपविले होते. एका महाभागाने ती जहाजाच्या धुराड्यावर काढली, अशी गोष्ट सांगतात! रेषेची जागा ठरविण्याचा अधिकार मालकाच्या हातून जाण्यास १८९० साल उजाडावे लागले. आज मोठ्या मालवाहू जहाजांच्या अंगावर जे वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ दिसते, ती प्लिमसोलचीच रेघ होय.

लहान प्रवासी नौकांची गोष्ट याहून निराळी नाही. त्यांच्या बाबतीत रेषेचे काम मुख्यतः एक आकडा करतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील बंदरे आणि प्रवासी नौका यांची देखरेख महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. या मंडळाचा कायदा १९९६ सालचा. खाड्या, नद्या आणि जलाशय यांतील नौकांसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता. त्याच्या जागी अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ हा नवा कायदा आला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी करावी, तिची वेळोवेळी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळावे, ती चालविणारा मनुष्य जाणकार असावा, असे हे कायदे सांगतात. किती माणसे न्यावयाची, तो आकडा परवान्यात असतो.

तपासणी करणारा अधिकारी नौकेवर चढला म्हणजे काय पाहतो? प्रथम तो तिचे अंग पाहतो. फळ्यांचे सांधे गळतात की काय आणि तळाशी पाणी साचले आहे काय, हे तो पाहतो. तळाचे थोडेसे पाणी निरुपद्रवी वाटते. परंतु परातीत पाणी घालून ती उचलून पाहा. परात जरा तिरकी झाली की सारे पाणी खालच्या कडेला धाव घेते आणि परात आणखीच तिरकी होते. नौकेतही तेच घडते. मग यंत्र, इंधनाच्या नळ्या, आग विझविण्याचे साधन, नांगर आणि त्याचा दोर, अंधार पडला तर लागणारे दिवे यांची पाळी येते. बंदरावर वादळाचा बावटा लावला आहे काय, तेही पाहावे लागते. 

जीवरक्षक जाकिटांविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे; कारण फसवणूक येथेच अधिक होते. जाकिटे नौकेवर आहेत, एवढ्याने भागत नाही. ती पोत्यात बांधून बाकाखाली ठेवलेली असली, तर ती असून नसल्यासारखीच. नौका उलटण्यास काही क्षणच लागतात. तेवढ्या अवधीत पोते सोडणार कोण, आणि पट्टे बांधणार कोण? म्हणून जाकीट अंगात घालून, पट्टे आवळून मगच नौकेत पाय ठेवावा. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट घातले, तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटू शकते. जाकीट कितपत घट्ट बसले आहे हे पाहण्यासाठी खांद्यापाशी धरून ते वर ओढावे. ते कानांपर्यंत आले, तर ते आपल्या मापाचे नव्हे. चांगल्या प्रतीचे जाकीट शुद्ध हरपलेल्या माणसाचेही तोंड पाण्याच्या वर ठेवते. पोहता येणाऱ्यालाही ते हवे, ते यासाठीच.

नियम मोडला तर दंड होतो. अपराध मोठा असेल, तर कारावासही होऊ शकतो. दंडाचे नाव काढले की नौकेवरचा मनुष्य म्हणतो, “साहेब, माझा जन्म या पाण्यावर गेला. मला का शिकविता?” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. डहाणू-झाईकडचे मांगेला आणि कोळी समुद्राला जितके ओळखतात, तितके कोणताही अधिकारी ओळखणार नाही. शिवाय पावसाळ्यात सहली बंद असतात, सुटीचे दिवस मोजके असतात; दोन माणसे अधिक बसली की घरात दोन पैसे अधिक येतात. हे सारे खरे आहे. परंतु त्याच्या नौकेत बसलेल्या चाळीस जणांनी समुद्र कालच पाहिलेला असतो. नियम आहे तो त्यांच्यासाठी.

दंड किती असावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. समजा, एका फेरीत दहा माणसे अधिक घेतली आणि प्रत्येकाकडून शंभर रुपये मिळाले, तर एका फेरीत हजार रुपये होतात. अशा दहा फेऱ्यांनंतर एकदा पाचशे रुपये दंड झाला, तर तो दंड राहत नाही; ते केवळ भाडे होते. म्हणून रकमेपेक्षा परवाना रद्द होण्याची भीती अधिक काम करते, असे मला वाटते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या फेरीबोटीवर मुंबईच्या बंदरात नौदलाची एक वेगवान बोट आदळली. यंत्राची चाचणी चालू असता त्या बोटीवरील ताबा सुटला होता. पंधरा माणसे मृत्यू पावली. धडक देणारी बोट दुसरी होती, हे उघड आहे. तथापि ‘नीलकमल’ला ८४ प्रवाशांचा परवाना असता तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हे चौकशीत निघाले आणि तिचा परवाना रद्द झाला. संकट कोणाकडून येईल ते सांगता येत नाही. ते आले म्हणजे जाकिटे किती आणि माणसे किती, एवढाच हिशेब उरतो.

या हिशेबात एक पक्ष नेहमी सुटतो. नौका भरली आहे असे तांडेल सांगत असतो आणि धक्क्यावरून कोणी म्हणत असतो, “अहो, आम्ही दोघेच तर आहोत. सरकून घ्या की थोडे!” आत बसलेलेही ओळखीच्यांसाठी जागा करून देतात. दंडाची पावती तांडेलाच्या नावाने फाटते. सरकून घ्या म्हणणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

पावसाळ्यात झाईच्या आणि डहाणूच्या नौका पुळणीवर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांची डागडुजी सुरू होते. फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, रंगाचे डबे उघडतात आणि कुंचला नाळेवरून फिरू लागतो. नाव नव्याने लिहिले जाते, नोंदणीचा क्रमांक नव्याने लिहिला जातो. प्रवासी नेणारी नौका असली, तर तिची माणसांची संख्याही त्याच वेळी ठळक करून घेता येते. मग सुटीच्या दिवशी रांगेतला सर्वांत लहान मुलगासुद्धा ती वाचू शकतो, आणि आपल्यापुढे किती डोकी आत गेली ते बोटांवर मोजू शकतो.