पट नाही, सोंगटी नाही, मग खेळतात काय?

प्रश्न : आमचा नातू न्यू जर्सीला असतो, पाचवीत आहे. दर शनिवारी सकाळी चार मित्र जमवून तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतो. व्हिडिओ कॉलवर आम्हाला टेबलाभोवती बसलेली पोरं, कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे दिसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकल्याचंही कधी ऐकलं नाही. मध्येच सगळे एकदम ओरडतात. ही मुलं नेमकं काय खेळतात? या वयात त्यांना ते झेपतं का? आणि राक्षस, चेटूक वगैरे कानावर येतं, त्यात काही वावगं तर नाही ना?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : ओरडण्याचं आधी सांगतो. त्या फाशांमधला एक वीस बाजूंचा असतो. लढाईत त्यावर २० चं दान पडलं की वार हमखास लागतो आणि नुकसान मोजायला दुप्पट फासे टाकायला मिळतात. १ पडला की वार हमखास हुकतो. पोरं दोन्ही वेळा सारख्याच उत्साहाने किंचाळतात.

आता खेळ. पाचांपैकी एक जण ‘डंजन मास्टर’ होतो, पोरांच्या बोलण्यात ‘डीएम’. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्याचे नकाशे आणि टिपणं असतात. बाकीच्या प्रत्येकाचं एक पात्र असतं : कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात तरबेज असलेला चोर. त्या पात्राची ताकद, चपळाई, अक्कल, सगळं आकड्यांत एका कागदावर मांडलेलं असतं, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. डीएम सांगतो, “तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात. आतून कुबट वास येतोय. कुणीतरी सुरीला धार लावत असल्याचा आवाज आहे. काय करता?” सगळा खेळ या ‘काय करता?’ वर चालतो. पोरं काहीही सांगू शकतात. ते जमेल की नाही अशी शंका असली, की फासा टाकायचा.

समजा, तुमच्या नातवाचा लढवय्या आतल्या गॉब्लिनवर, म्हणजे एका खुजट राक्षसावर, तलवार चालवतो. गॉब्लिनचं चिलखत आणि चपळाई मिळून १५ चा आकडा आहे. नातवाने वीस बाजूंचा फासा टाकला, ११ पडले. ताकद आणि सराव यांचे मिळून ५ त्यात मिळवले, झाले १६. वार लागला. मग आठ बाजूंचा फासा : ४ पडले, ताकदीचे ३ मिळवले, ७. गॉब्लिनच्या अंगात जीव ७ चाच होता. संपला. हा हिशेब पाचवीतली मुलं शाळेतल्या गणितापेक्षा किती तरी भराभर करतात, आणि शेजाऱ्याची बेरीज चुकली तर लगेच पकडतात.

जिंकतो कोण? कुणीच नाही. डीएम हा प्रतिस्पर्धी नव्हे. सगळे एका बाजूने, आणि गोष्ट पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे चालू. पात्र अनुभवाने वरच्या ‘लेव्हल’ला जातं, नाही तर मरतं. मेलं तर नवं करायचं.

वयाच्या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या जन्मातच आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत १९६०च्या दशकात मोठी माणसं टेबलावर चिमुकले सैनिक मांडून इतिहासातल्या लढाया खेळत. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडून पोरं ‘तुझा पडला’, ‘नाही पडला’ म्हणून भांडतात. तेच, फक्त मोजपट्टी, तक्ते आणि जाडजूड नियम घेऊन. १९६९ साली मिनिआपोलिस भागात डेव्हिड वेस्लीने अशा एका खेळात प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एकच माणूस दिला. त्याच टोळक्यातल्या डेव्ह अर्नेसनने पुढे या माणसांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखातल्या भुयारांत उतरवलं. तो खेळ १९७२च्या अखेरीस त्याने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी जाऊन गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेलेली होती आणि तो चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता.

गायगॅक्सने मग स्वतःचं एक भुयार आखलं, ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याखालचं. त्यात पहिल्यांदा उतरली ती त्याचीच दोन शाळकरी मुलं, अर्नी आणि एलिस. पहिल्याच डावात त्यांना तीन हजार तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली, आणि ती उचलवेना म्हणून दोघं चांगलीच हिरमुसली. नऊ वाजता मुलं झोपायला गेली आणि बाप लगेच भुयाराचा दुसरा मजला आखायला बसला. तेव्हा ‘एवढ्या लहान वयात?’ हा प्रश्न या खेळाला फारसा लागू पडत नाही.

पण छापील नियमांचं तसं नव्हतं. १९७४ साली गायगॅक्सच्या ‘टीएसआर’ या घरगुती कंपनीने तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून दहा डॉलरला विकायला काढल्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. लढाईचे खेळ आधीपासून खेळणाऱ्यांसाठीच त्या लिहिल्या होत्या. नवख्याला त्यातून वाट काढणं अवघड होतं, मुलांचं तर नावच नको. ही गाठ सोडवली जे. एरिक होम्स यांनी. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातले मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी नियम नीट लावून, पहिल्या तीन लेव्हलपुरतेच ठेवून, नवशिक्यांचं पुस्तक तयार केलं आणि १९७७ साली ते फाशांसकट खोक्यात बाजारात आलं. फासे इतके साधे की वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ हे आकडे दोनदा कोरलेले असत. निम्मे आकडे वेगळ्या रंगाच्या खडूने भरायचे आणि त्या रंगाचा आकडा आला की दहा मिळवायचे. पुढे मागणी एवढी वाढली की फासेच पुरेनात. मग काही खोक्यांत फाशांऐवजी पुठ्ठ्याचे आकडे आले. कापायचे, कपात टाकायचे आणि न बघता उचलायचे.

माझ्या मते शिकवणीचा उत्तम नमुना मात्र १९८३चं लाल खोकं. फ्रँक मेंट्झरने त्यात नियम आधी सांगितलेच नाहीत. मुलगा एकटा वाचायला बसतो आणि पहिल्या पानांपासून तोच गोष्टीतला लढवय्या असतो. गुहेत अलीना नावाची धर्मसेविका भेटते, त्याच्या जखमा बऱ्या करते, आणि थोड्याच वेळात बार्गल नावाचा मांत्रिक जादूच्या बाणाने तिला मारतो. त्या पिढीतले आज पन्नाशीचे गृहस्थ बार्गलचं नाव काढलं की अजून दात-ओठ खातात. मूल त्या वेळेपर्यंत अर्धेअधिक नियम शिकलेलं असतं, आणि त्याला ते कळलेलंही नसतं. खोक्यावर वय लिहिलं होतं दहा आणि पुढे. म्हणजे तुमचा नातू अगदी बरोबर वयात आहे.

वावगं? १९८०च्या दशकात अमेरिकेत नेमकी हीच ओरड झाली : खेळामुळे मुलं सैतानाच्या नादी लागतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात. असा संबंध कधी सिद्ध झाला नाही. कंपनी मात्र एवढी दबकली की १९८९च्या आवृत्तीतून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच तिने गाळले. नंतर ते परत आले. तुमच्या-आमच्या घरात पुराणातले राक्षस आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले असतात, त्यामुळे गॉब्लिनची धास्ती घेण्याचं कारण मला दिसत नाही. लक्ष ठेवायचं तर दुसऱ्या गोष्टीवर : एखादा मोठ्या आवाजाचा मुलगा सगळ्यांचे निर्णय आपणच घेत असतो. त्याला आवरणं हे डीएमचं काम, पण दहा वर्षांच्या डीएमला त्यात एखाद्या मोठ्याची मदत लागते.

हा खेळ इथे आपल्या मुलांसोबत सुरू करू पाहणाऱ्या पालकांनाही थोडं सांगतो. मुख्य नियमांचं जाड पुस्तक आधी विकत घेऊ नका. सुरुवातीपुरते नियम प्रकाशकाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. पहिल्या दिवशी पात्र तयार करत बसलात तर त्यातच दोन तास जातील आणि धाकटं उठून टीव्ही लावेल. तयार पात्रं वाटून टाका. एक गाव, एक गुहा, तीन खोल्या एवढं पुरे. भाषा मराठीच ठेवा, फक्त फाशांचे आकडे आणि लेव्हल इंग्रजीत राहिल्या तरी कुणाचं बिघडत नाही. आणि मुलं तुमच्या गॉब्लिनला मारायचं सोडून त्याला नाव ठेवतील, जेवायला घालतील, सोबत घेऊन हिंडतील. हिंडू द्या. तुमची लढाईची तयारी वाया गेली तरी खेळ वाया गेलेला नाही.

तुम्हाला, आजोबा, एवढंच सुचवतो की नुसतं बघत बसू नका. नातवाला म्हणा, माझंही एक पात्र कर. आकड्यांचा कागद तो फोनवर पाठवील, फासे तुमच्या वतीने तोच टाकील. तुम्ही फक्त ‘काय करता?’ याचं उत्तर द्यायचं. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. डाव दोन-तीन तास सहज चालतो, तेव्हा शनिवारी जेवण तेवढं लवकर उरका.