स्वभाव आणि दैव : ‘धग’मधील कौतिक

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातील एका शिंपी कुटुंबाची ही कथा. पती महादेव कर्तृत्वहीन. त्यामुळे संसाराचा भार कौतिकवर पडतो. ती मोलमजुरी करून मुलांना वाढवते. पुढे महादेवाला कुष्ठरोग होतो. एवढी जिद्द असूनही अखेरीस कौतिकच्या वाट्याला पराभवच येतो.

स्वभाव हेच माणसाचे दैव मानले, तर कौतिक यशस्वी व्हायला हवी होती. सारे दैवाधीन मानले, तर तिच्या कष्टांना अर्थ उरत नाही. आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

कौतिकचे ‘दैव’ उलगडले, की त्यातून कारणे दिसू लागतात : दारिद्र्य, अपुरी मजुरी, खचलेला जोडीदार, आजार. कुष्ठरोगाचेच पाहा. गतजन्मीच्या पापाचे फळ म्हणून समाजाने रुग्णांना गावाबाहेर काढले. वस्तुतः १८७३ मध्येच हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवनात रुग्णसेवा आरंभिली होती. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज हा रोग पूर्ण बरा होतो. कारण कळले, उपचार सापडला आणि ‘दैव’ मागे हटले.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात तथागत मोलियसीवकाला सांगतात, की माणसाला भोगावे लागणारे सर्वच पूर्वकर्मामुळे घडते, हे मत योग्य नव्हे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशीही कारणे असतात. म्हणूनच पराभव हा कौतिकच्या पापाचा पुरावा ठरत नाही. फळ तिच्या एकटीच्या हाती नव्हते. मात्र प्रत्येक दिवशी उभे राहणे तिच्या हाती होते, आणि ते तिने शेवटपर्यंत केले.

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशी एक कौतिक होती. तिच्या कष्टांना वसतिगृहातील एक खाट, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाची शिस्त यांची जोड मिळाली, तेव्हा मुलांची वाट बदलली. स्वभाव तोच होता; एक कारण बदलले. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : एखादे मूल मागे पडले, तर ‘नशिबातच नाही’ असे म्हणण्यापूर्वी कोणते कारण आपल्याला बदलता येईल, हे पाहावे.