प्रायमर बसलेली पुंगळी: भाच्याला कानमंत्र

बाळा, टेक्सासात राहून .३८ स्पेशलची काडतुसं आता घरीच भरायची ठरवली आहेस, तर माझ्याकडच्या प्रायमर (म्हणजे पावडर पेटवणारी टिकली) बसवलेल्या पुंगळ्या घेऊन जा. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमर मिळेनासे झाले, तेव्हापासून मी असली एकही पुंगळी फेकत नाही. काही पुंगळ्यांना मी आगाऊ प्रायमर लावून ठेवलेत, तर काही नको असलेली काडतुसं उघडून निघाल्यात. त्या वापरायला हरकत नाही. पण प्रायमर बसलेली पुंगळी ना रिकामी असते, ना भरलेली. सगळे घोटाळे याच अर्धवटपणातून होतात. म्हणून पुढचं नीट ऐक.

चिठ्ठी नसेल तर वापरू नकोस. प्रायमर एकदा आत बसला की तो साधा आहे की मॅग्नम, हे बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. मॅग्नमचा भडका जास्त, त्यामुळे साध्या प्रायमरसाठी सांगितलेलं पावडरचं माप त्याला चालवायचं नाही. प्रत्येक डब्यावर प्रायमरची कंपनी, प्रकार आणि तारीख लिही. .४५ एसीपी भरायला घेशील तेव्हा आणखी जप. तिच्या पुंगळ्या लहान आणि मोठ्या अशा दोन्ही मापांच्या प्रायमरच्या येतात, आणि एकाच ढिगात दोन्ही सापडतात. ज्या पुंगळीचा इतिहास माहीत नाही, ती बाजूला काढायची.

उघडलेल्या काडतुसातली पावडर परत वापरायची नाही. ती कुठली, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. गोळी ओरखडा न पडता निघाली असेल तर घे. हातोडीसारख्या पुलरनं काडतूस उघडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पुलरचीच पकड वापर. काडतुसं भरायच्या प्रेसचा शेलहोल्डर पुलरमध्ये अडकवू नकोस.

डायमधली पिन आधी काढ. साइझिंग डायच्या मधली पिन जुना प्रायमर ढकलून काढायला असते. जिवंत प्रायमरवर ती आपटू द्यायची नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेस असेल तर पहिल्या स्टेशनवरची पिन काढली की नाही, हे हँडल ओढण्याआधी बघ. उघडलेल्या काडतुसाची पुंगळी बहुतेकदा नव्या गोळीला घट्ट धरते, मग साइझिंग करूच नकोस. तोंड किंचित फुलवलं की पुरे. भरल्यावर गोळी अंगठ्यानं दाबून बघ. आत सरकली तर ते काडतूस बाद.

बुडावरून बोट फिरव. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी सपाट किंवा केसभर आत असला पाहिजे. वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर अडकतं. जिवंत प्रायमर पुन्हा खाली ठोकायचा मोह आवर.

गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकाव. हा सगळ्यात मोठा मंत्र. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातली, म्हणून पोटानं मोठी. आजच्या जलद पावडरचं एक माप तिच्या तळाशी जेमतेम दिसतं, आणि दुसरं माप चुकून पडलं तरी ते बाहेर सांडत नाही. दुप्पट मापानं रिव्हॉल्व्हर फुटू शकतो. पावडर पडलीच नसेल तर नुसत्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. म्हणून पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या कर, बॅटरी मार आणि सगळ्यांची पातळी सारखी आहे ना, ते बघ. रेंजवर आवाज दबका आला की लगेच थांब. नळी सुरक्षित दिशेला ठेव, शस्त्र रिकामं कर आणि नळीतून सळई घालून बघ.

.३८ स्पेशलपासून .३५७ मॅग्नम वेगळी ठेव. दोन्हींची जाडी सारखी. मॅग्नमची पुंगळी फक्त ३.४ मिलिमीटरनं लांब. मॅग्नमचं माप .३८ च्या पुंगळीत कधीच नको. कोणतंही माप छापील मॅन्युअलमधूनच घे, आणि सुरुवात तिथल्या सगळ्यात कमी मापापासून कर. मित्र म्हणाला किंवा मी म्हणालो, म्हणून घेऊ नकोस.

तेल टाकून प्रायमर मरतो, यावर विसंबू नकोस. तेलात भिजलेला प्रायमरही पेटू शकतो. तसा प्रायमर ठोकून काढणं नको. नको असलेली पुंगळी रिव्हॉल्व्हरमध्ये एकटी घालून रेंजवर सुरक्षित दिशेला झाड. पावडर नसल्यानं प्रायमर किंचित मागे सरकून सिलिंडर अडू शकतं, तेव्हा जोर लावू नकोस.

सुटे प्रायमर बरणीत भरायचे नाहीत. एक पेटला की सगळे पेटतात. ते कारखान्याच्या डबीतच राहू देत. काम झालं की साबणानं हात धू, कारण प्रायमरमध्ये शिसं असतं. कामाच्या टेबलावर खाणंपिणं नको, आणि एका वेळी पावडरचा एकच डबा उघडा ठेव.

आणि भारतात जाताना बॅग रिकामी करून तपास. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. रेंजची पिशवी आणि प्रवासाची पिशवी कधीच एक करू नकोस. मुंबईच्या विमानतळावर कप्प्यात राहिलेली एक पुंगळीही तुला पोलिसांसमोर उभं करील.

घाई असेल, मन थाऱ्यावर नसेल, फोन वाजत असेल, त्या दिवशी प्रेसला हात लावू नकोस. पुंगळ्या डब्यात थांबतील.