रक्तस्कंदनरोधक चिकित्सा आणि रुग्णाशी सहनिर्णय

रक्तात गुठळी होऊ नये म्हणून औषधे घेणारे रुग्ण आता शहरी रुग्णालयांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. कृत्रिम झडप बसविलेले, आलिंद-कंपन (एट्रियल फिब्रिलेशन) असलेले अथवा पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊन गेलेले रुग्ण भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावीही वैद्याकडे येतात. ते येतात बहुधा गुडघेदुखी, खोकला किंवा अम्लपित्त यांसाठी. 'रक्त पातळ होण्याची गोळी' चालू आहे, हे विचारल्यावाचून सांगत नाहीत. औषधाची चिठ्ठी पुण्यास लिहिली जाते; ते औषध नियमित घेतले जाणार की मध्येच सुटणार, हे मात्र गावी, घरात ठरते. म्हणून या चिकित्सेचा निर्णय रुग्णासह कसा घ्यावा आणि त्यात आयुर्वेदीय चिकित्सकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. 'पातळ' या शब्दाचा घोटाळा

या औषधांनी रक्तातील रक्तकण कमी होत नाहीत. गुठळी बनण्याची क्रिया मंदावते, एवढेच. वॉरफॅरिन व असेनोकुमारॉल ही औषधे जीवनसत्त्व 'के'वर अवलंबून असणाऱ्या स्कंदन-घटकांची यकृतातील निर्मिती रोखतात. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, ॲपिक्सॅबान ही नवी औषधे एकेका स्कंदन-घटकाला थेट अडवितात. रुग्णाच्या मनात मात्र 'पातळ' म्हणजे कमजोर. भातलावणीच्या दिवसांत अंगात त्राण हवे, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी नको, असा त्याचा सरळ हिशेब असतो. निर्णय घेतला जातोच. फक्त तो चिकित्सकाच्या पश्चात घेतला जातो.

म्हणून सहनिर्णयाची पहिली पायरी शब्दाची आहे. "आजी, या गोळीने रक्त कमी होत नाही. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये, म्हणून ही गोळी आहे. अशक्तपणा वाढू लागला किंवा शौचास काळी झाली, तर मात्र गोळी मनाने सोडू नका, लगेच दाखवायला या," इतके साधे बोलणे पुरेसे होते. नंतर तेच रुग्णाकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. त्याला काय समजले, हे त्याशिवाय कळत नाही.

२. निवड कोठे आहे आणि कोठे नाही

सहनिर्णय म्हणजे सर्वच प्रश्न रुग्णावर सोपविणे नव्हे. धातूची अथवा कार्बनची यांत्रिक झडप बसविलेल्या रुग्णास गोळी आजन्म आवश्यक असते. थिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली यांत्रिक झडप १९९० पासून वापरात आली. राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेतून (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) गरीब कुटुंबांनाही झडपेची शस्त्रक्रिया साध्य झाली. शस्त्रक्रिया एकदाच होते; गोळी मात्र रोजची असते.

अशा रुग्णास नवी औषधे चालत नाहीत. यांत्रिक झडपेच्या रुग्णांत डॅबिगॅट्रानची चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढले. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन आलिंद-कंपन झालेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबानपेक्षा जुनीच औषधे सरस ठरली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसले. आपल्याकडे हा ताप अजून आढळतो, म्हणून ही गोष्ट विसरता कामा नये. येथे 'घ्यावी की नाही' हा प्रश्न नसून 'कशी निभवावी' हा आहे.

झडपेचा असा विकार नसताना आलिंद-कंपन असल्यास मात्र खरी निवड असते. वय ६५ किंवा ७५ च्या पुढे, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयदौर्बल्य, पूर्वीचा पक्षाघात यांपैकी काय काय आहे, यावर धोका ठरतो. धोका कमी असल्यास औषध न घेणेही योग्य ठरू शकते. पायाच्या शिरेतील गुठळीत किमान तीन महिने औषध लागते. त्यानंतर पुढे चालू ठेवावे का, हा पुन्हा विचारविनिमयाचा विषय होतो.

३. आकडे कसे सांगावेत

'पक्षाघात होईल' अशी भीती घालणे किंवा 'रक्तस्राव होईल' म्हणून कच खाणे, ही दोन्ही टोके टाळावीत. लाभ व हानी एकाच मापाने सांगावी. पाच चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आलिंद-कंपनाच्या १००० रुग्णांपैकी औषध न घेणाऱ्या सुमारे ४५ जणांना वर्षभरात पक्षाघात झाला, वॉरफॅरिन घेणाऱ्यांत सुमारे १४ जणांना. मोठा रक्तस्राव अनुक्रमे सुमारे १० व १३ जणांत झाला. हे रुग्ण निवडक व काटेकोर देखरेखीखालील होते. जेथे तपासणी वेळेवर होत नाही, तेथे रक्तस्राव अधिक धरावा, हेही सांगावे. ॲस्पिरिन हा सौम्य पर्याय समजण्याची प्रथा आहे. परंतु २०११ च्या ॲव्हेरोज चाचणीत ॲपिक्सॅबानने ॲस्पिरिनपेक्षा पक्षाघात पुष्कळ कमी केले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम सांगितल्यानंतरची संमती हीच खरी संमती. ते प्रकरण शस्त्रक्रियेचे होते; तत्त्व मात्र रोजच्या गोळीलाही लागू पडते.

४. रुग्णाचे जगणे हेही निर्णयाचे द्रव्य

जुन्या औषधांत आयएनआर ही तपासणी वारंवार करावी लागते. आलिंद-कंपनात ती बहुधा २ ते ३ या मर्यादेत ठेवतात. तपासणीसाठी भोर, शिरवळ किंवा पुणे गाठावे लागते, एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत कोणी लागते. नव्या औषधांत ही तपासणी लागत नाही. परंतु मूत्रपिंडाची तपासणी लागते, आणि एक-दोन मात्रा चुकल्या तरी संरक्षण लवकर ओसरते. विसरभोळ्या रुग्णास 'तपासणी नको' एवढ्यावरून नवे औषध सोयीचे ठरेलच, असे नाही.

खाण्यापिण्याचाही प्रश्न आहे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला ताटात येतो. हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व 'के' विपुल असल्याने त्या एकाएकी वाढल्यास वॉरफॅरिन व असेनोकुमारॉलचा प्रभाव उतरतो. श्रावणातील उपवासांत आहार घटल्यास तो चढू शकतो. 'पालेभाजी बंद' हा उपदेश योग्य नव्हे. दर आठवड्यास साधारण सारखे प्रमाण ठेवावे आणि आहार बदलताना तपासणी करून घ्यावी. आषाढी वारीस निघणाऱ्या रुग्णाने पुरेशा गोळ्या, औषधाची चिठ्ठी व शेवटचा आयएनआर जवळ ठेवावा. या गोष्टी मोठ्या रुग्णालयातील चिकित्सकास ठाऊक नसतात. त्या लिहून कळविणे हे आपलेच काम आहे.

५. आपल्या औषधांविषयी

'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हे विधान येथे टिकत नाही. लसूण रक्तबिंबिकांचे चिकटणे कमी करते. हरिद्रा व गुग्गुळ यांविषयीही तशी शंका घेण्यास आधार आहे. त्रिकटूतील मिरी व पिप्पली यांतील पायपरीन अनेक आधुनिक औषधांचे शोषण वाढविते. स्वयंपाकातील नेहमीचे प्रमाण वेगळे आणि गुग्गुळकल्प अथवा लसणाच्या अर्काच्या गोळ्या महिनोन्‌महिने देणे वेगळे. असा कल्प सुरू किंवा बंद करताना मूळ चिकित्सकास कळवावे. जुने औषध असल्यास आयएनआर लवकर तपासावा.

जलौकावचारण, सिरावेध, विद्धकर्म, जोराचे मर्दन आणि स्नायूत दिली जाणारी इंजेक्शने या रुग्णांत टाळावीत. जळवेच्या लाळेत स्कंदन रोखणारे द्रव्य असल्याचे हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखविले होते. गोळीवर जळू म्हणजे दोन स्कंदनरोधके एकत्र. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. 'आमचा काढा घ्या, ती गोळी सोडा' हे वाक्य तर कोणत्याही वैद्याच्या तोंडून निघू नये. तो सहनिर्णय नव्हे. रुग्णाच्या अज्ञानावर घेतलेला एकतर्फी निर्णय आहे.

६. औषधालय चालकांसाठी

वॉरफॅरिन व असेनोकुमारॉल एकमेकांऐवजी देऊ नयेत. त्यांच्या मात्रा वेगळ्या आहेत. गोळी किती मिलिग्रॅमची, हे प्रत्येक वेळी पाहावे. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडू नये व मूळ वेष्टनातून काढून ठेवू नये, कारण ती ओलाव्याने बिघडते. आलिंद-कंपनासाठी दिलेली रिव्हरॉक्सॅबानची १५ व २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घ्यावयाची असते. वेदनाशामक मागणाऱ्यास 'गुठळीची गोळी चालू आहे का?' एवढे विचारावे. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट गोळी घेऊ नये, हेही सांगावे.

७. चरकांचा रुग्ण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. आपण बहुधा निर्देशकारित्वावर, म्हणजे सांगितलेले ऐकण्यावर, भर देतो. ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था वैद्यास सांगता येणे, हाही तेवढाच मोलाचा गुण आहे. जो रुग्ण 'मला तपासणीला जाणे परवडत नाही' असे मोकळेपणाने सांगू शकतो, त्याच्यासाठीच पाळता येण्याजोगा निर्देश देता येतो. तो गुण रुग्णात जागा करणे वैद्याच्या विचारण्यावर अवलंबून आहे.

तेव्हा अशा प्रत्येक रुग्णास पाच प्रश्न विचारावेत : गोळी कशासाठी आहे? ती कोण आठवणीने देते? शेवटची तपासणी केव्हा झाली? आणखी कोणती औषधे, काढे वा चूर्णे चालू आहेत? या गोळीबाबत मनात कसली भीती आहे? उत्तरे रुग्णाच्या कागदावर लिहावीत आणि मूळ चिकित्सकाकडे पाठवावीत. डोक्यास मार लागला, लघवीतून रक्त गेले, किंवा तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोबडी वळणे असे काही झाले, तर घरी न थांबता मोठ्या रुग्णालयात न्यावे, हे घरातील माणसांना त्याच वेळी सांगून ठेवावे. औषध कोणत्याही पद्धतीचे असो, त्याचा निर्णय रुग्णास समजलेला असावा, एवढी काळजी व्यवसायबंधूंनी घ्यावी, ही नम्र विनंती.